पाकिटातलं दुसरं पान

१

मंगळवारी सकाळी अध्यक्षबाईंनी हरकतींची फाइल उघडली आणि पाचच मिनिटांत खोलीचं दार आतून लावून घेतलं. चहा घेऊन आलेला शिपाई बाहेर ताटकळला. ही बाई सभागृहात बोलायला उठली की समोरच्या बाकांवरचे पुरुष उगीचच कागद चाळायला लागत. आज ती हातात एक कागद घेऊन दाराला पाठ लावून उभी होती.

विधानभवनाच्या सुरक्षेची जबाबदारी ज्या बाईंकडे होती त्यांना सगळी इमारत कुलूपबाई म्हणायची. तोंडावर नाही, अर्थात. वय बावन्न, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि मत एकदा बनलं की ते उघडायची किल्ली खुद्द त्यांच्याकडेही नसायची. त्यांना बोलावणं आलं. अध्यक्षबाईंनी कागद पुढे केला. त्यावर छापील चार वाक्यं होती.

‘अध्यक्षबाई, हे तुम्हालाच उद्देशून आहे. तुमचे दोन्ही गुडघे लोखंडी कांबीने फोडले जातील. येत्या गुरुवारी, दुपारी चार वाजता, ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यावर. हे वाचून तुम्हाला भीती वाटावी म्हणूनच लिहिले आहे.’

आणि गंमत बघा, अध्यक्षबाईंची समिती ज्या विधेयकावर विचार करायला बसली होती ते धमक्यांचंच होतं. कोणी कोणाला मारायची, जखमी करायची धमकी कळवली, तर ती खरी करायचा इरादा असो वा नसो, पाच वर्षं कैद. शुक्रवारी ते सभागृहात यायचं होतं. त्याआधी लोकांकडून लेखी हरकती मागवल्या होत्या, आणि हा कागद अशाच एका हरकतीच्या पाकिटातून निघाला होता. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता ठसठशीत होता: बाजारामागच्या गल्लीतला घड्याळदुरुस्तीवाला.

त्याची हरकत हाताने लिहिलेली, एकपानी. ‘माझा धाकटा भाऊ तापट आहे. रागात कोणालाही जीव घेईन म्हणतो आणि तासाभरात त्याच माणसाकडे चहा पितो. त्याला तुम्ही पाच वर्षं आत घालणार? एकदा आमच्या गल्लीत येऊन बघा, म्हणजे कळेल.’

“म्हणजे कळेल,” कुलूपबाईंनी त्या शब्दांवर बोट टेकवलं. “बास. दुसरं पान त्याचंच.”

दुपारी त्या दोन पोलिसांना घेऊन गल्लीत शिरल्या. घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून चिमट्यात एक इवलंसं चाक धरून बसला होता. शेजारी त्याची बायको पट्टे पुसत होती.

“एवढं चाक ठेवू द्या बाई,” तो म्हणाला. “दुसऱ्याचं आहे, हरवेल.”

“चाक राहू दे! अध्यक्षबाईंना धमकी देतोस?” कुलूपबाईंचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना पोहोचला. खिडक्या उघडल्या. समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. चाक खाली पडलं ते पडलंच. घड्याळवाला वाटभर एवढंच म्हणत राहिला, की मी एकच पान पाठवलं होतं.

संध्याकाळी कुलूपबाईंनी दोन्ही पानं सहज एकमेकांवर ठेवली. छापील पान दोन बोटं आखूड होतं. छापून देणाऱ्याने कागद वाचवला असेल, असं म्हणून त्यांनी ड्रॉवर लावून टाकला.

२

कुलूपबाई थोरल्या भावाच्या घरी राहायच्या. वडील गेले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. दादाने शिकवण्या घेऊन त्यांना वाढवलं, त्यांच्यासाठी स्वतःचं लग्न सात वर्षं लांबवलं, आणि आता तोही त्याच इमारतीत होता, कायद्यांचे मसुदे लिहिणाऱ्या कक्षाचा प्रमुख. धमक्यांचं विधेयक त्याच्याच हातचं. निवृत्तीला आठ महिने राहिलेले.

मसुदा कक्षाची एक रीत होती. नवं कलम लिहिलं की त्याची परीक्षा घ्यायची. त्यासाठी काल्पनिक गुन्हे रचायचे, सुट्या पानांवर छापायचे आणि बघायचं, की असा गुन्हेगार कलमात सापडतो का निसटतो. ह्या पानांना कक्षात चिठ्ठ्या म्हणत. कलम पक्कं झालं की चिठ्ठ्या फाडून टाकायच्या. दादाला ही सवय इतकी जडली होती, की तो घरीही सुरू व्हायचा. वहिनी म्हणायच्या, “लोकांकडे चहाबरोबर बिस्किटं असतात. आमच्याकडे एक खून आणि दोन दरोडे.”

बुधवारी सकाळी मात्र चहाबरोबर काहीच नव्हतं.

“पकडला,” कुलूपबाईंनी खुशीत सांगितलं. “एका दिवसात! वर्तमानपत्रातही आलंय बघ.”

दादाने वर्तमानपत्राकडे पाहिलं नाही. “त्याला जेवायला दिलं का?”

“कोणाला?”

“त्या माणसाला.”

“अहो, तो काय तुमचा पाहुणा आहे?” वहिनी हसल्या. दादा हसला नाही. कपातला चहा तसाच ठेवून तो आंघोळीला गेला.

कचेरीत पोहोचल्यावर कुलूपबाई टपाल खिडकीकडे गेल्या. जबाब पुरा करायचा म्हणून, बाकी काही नाही. टपालमावशी तीस वर्षं येणारं प्रत्येक पत्र उघडत होत्या.

“हे पान ओळखता?”

मावशींनी कागद उलटा केला, सुलटा केला. “शिक्का कुठाय?”

“कसला शिक्का?”

“आवकचा! पाकिटातून जेवढी पानं निघतील तेवढ्यांवर मी शिक्का मारते. पाठकोऱ्या पानावरसुद्धा. हे घड्याळवाल्याचं पत्र बघा, शनिवारचा शिक्का आहे. आणि ह्यावर?”

“घाईत राहिला असेल.”

मावशींचा चेहरा लाल झाला. “बाई, माझ्याकडून शाई सांडते, तारीख बदलायची राहते, मागच्या वर्षी तर एक पत्र माझ्या डब्याच्या पिशवीत घरी गेलं होतं. लाज वाटते सांगायला, पण सांगते. शिक्का मात्र राहत नाही. हवं तर अख्खी फाइल तपासा.”

कुलूपबाईंनी फाइल तपासली. दोनशे अकरा पानं होती, आणि दोनशे अकरा शिक्के.

“म्हणजे हे टपालाने आलंच नाही,” मावशी हळू आवाजात म्हणाल्या. “इमारतीतच कोणीतरी घातलंय. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत की हो बाई.”

३

कुलूपबाई जिन्यावरच बसल्या. आदल्या दिवशी जे सुचायला हवं होतं ते आता एकामागून एक सुचत होतं. धमकी देणारा स्वतःचा पत्ता घालून पाकीट कशाला पाठवेल? आणि मागचा जिना! तिथे बाहेरच्या माणसाला पायसुद्धा ठेवता येत नाही. त्या दाराची किल्ली तर त्यांच्याच जुडग्यात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. घड्याळवाला निर्दोष होता, आणि कालपासून कोठडीत होता.

त्यांनी लगेच चौकीला फोन केला. तिथला साहेब म्हणाला, “बाई, काल तुम्हीच छातीठोकपणे सांगितलंत. वर्तमानपत्रात फोटो आलाय. आता खरा माणूस आणा, तरच ह्याला सोडतो.”

फाइलच्या प्रवासाची नोंद स्पष्ट होती. सोमवारी सकाळी ती टपालातून मसुदा कक्षात गेली. संध्याकाळी तिथून अध्यक्षबाईंच्या स्वीय सहायकाकडे, आणि मंगळवारी त्याच्याकडून अध्यक्षबाईंकडे. मसुदा कक्ष म्हणजे दादा. त्याला काय विचारायचं? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण कुलूपबाईंना त्या क्षणी आठवली नाही. नंतर फार आठवली. त्या सरळ सहायकाकडे गेल्या.

ह्या सहायकाला सगळे सावली म्हणायचे, कारण अध्यक्षबाई जिथे जातील तिथे तो अर्धं पाऊल मागे असायचा. त्याने पहिल्या प्रश्नालाच घाम पुसला.

“बातमी वर्तमानपत्राला कोणी दिली?” कुलूपबाईंनी विचारलं.

“मी.” सावलीची मान खाली गेली. “बाईंना धमकी आली म्हटल्यावर विधेयकाला कोण विरोध करणार? त्यांचं चांगलंच होईल असं वाटलं. बाईंना माहीत नाही. त्या घाबरल्या होत्या आणि मी त्यांची भीती विकून आलो. काय म्हणाल ते म्हणा.”

“आणि धमकी? तीही तूच रचलीस?”

“देवाशपथ नाही!”

तेवढ्यात आतून अध्यक्षबाईंनी हाक मारली. त्यांच्यासमोर विधेयकाचा एक ताजा मसुदा पडला होता.

“सोमवारी सकाळी मी दुरुस्ती सांगितली होती, तिची प्रत आत्ता मिळाली,” त्या म्हणाल्या. “तिसरं कलम वाचा. कालपासून मला काहीतरी खटकतंय, पण काय ते कळत नव्हतं.”

कुलूपबाईंनी वाचलं. गुन्हा सिद्ध व्हायला चार गोष्टी लागणार होत्या. धमकी विशिष्ट व्यक्तीला उद्देशून हवी. त्यात शारीरिक इजा सांगितलेली हवी. वेळ आणि ठिकाण हवं. आणि ती वाचणाऱ्याला भीती वाटावी म्हणूनच कळवलेली हवी.

त्यांनी खिशातून धमकीचा कागद काढला. पहिलं वाक्य, व्यक्ती. दुसरं, इजा. तिसरं, वेळ आणि ठिकाण. चौथं, भीती.

“संतापलेला माणूस असं लिहीत नाही,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “तो ‘भीती वाटावी म्हणून लिहिले आहे’ असा खुलासा करत बसत नाही.”

“वेळ-ठिकाणाची अट जुन्या मसुद्यात होती?”

“नव्हती. सोमवारीच घातली. लोकांकडे गेलेला मसुदा जुना होता.”

“सावलीला ही प्रत कधी मिळाली?”

“आत्ता, माझ्याबरोबरच. पाकीट माझ्यासमोर फोडलं. आणि समितीच्या बैठकीत त्याला बसता येत नाही.” अध्यक्षबाई थांबल्या. “समितीपुढच्या प्रतीत रागाच्या भरात बोललेल्या शब्दांना सूट होती, लोकांकडे गेलेल्या मसुद्यात ती अजून नव्हती. तीही मी सोमवारीच काढायला लावली. तुमच्या भावाने तिच्यावर वर्षभर मेहनत घेतली होती. मी सगळ्या समितीसमोर म्हटलं, की हे शाळेतल्या पोराने लिहिलंय. असं म्हणायला नको होतं.”

कुलूपबाई उठल्या. मागच्या जिन्यावर एकच खिडकी उघडते, आणि ती कोणत्या खोलीची, हे त्यांना इमारतीच्या नकाशाशिवाय सांगता आलं असतं.

४

बुधवारी रात्री वहिनींसमोर विचारणं कुलूपबाईंना जमलं नाही, आणि गुरुवारी सकाळी दादा नेहमीपेक्षा तासभर आधी घरातून निघाला होता. कुलूपबाई त्याच्या खोलीत शिरल्या तेव्हा तो खिडकीपाशी उभा होता. टंकलेखिका मागच्या आठवड्यापासून बाळंतपणाच्या रजेवर, त्यामुळे खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सोमवारीही नव्हतं.

“तिसऱ्या कलमाच्या चिठ्ठ्या दाखव,” त्या म्हणाल्या.

दादाने कपाटातून खोका काढून दिला. त्यांनी चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. प्रत्येकीच्या माथ्यावर जाड अक्षरात एक ओळ होती, ‘काल्पनिक उदाहरण’, आणि खाली क्रमांक. सोळा होती, अठरा होती. सतरा नव्हती.

दादा खुर्चीत बसला. “सतरावी चुकून फाइलमध्ये गेली असेल. सोमवारी सगळं टेबलावर पसरलं होतं. वारा होता.”

कुलूपबाईंच्या जिवात जीव आला. चूक! साधी चूक! अशी चूक कोणाकडूनही होते. आता सांगून टाकायचं, माणूस सुटेल, अध्यक्षबाई हसतील, दादा आठ महिन्यांनी हार घालून घरी येईल. केवढं सोपं होतं. त्या दारापर्यंत गेल्यासुद्धा.

दारातून त्या परत आल्या. धमकीचा कागद त्यांनी सोळा नंबरच्या चिठ्ठीवर ठेवला आणि खालच्या कडा जुळवल्या. वरून दोन बोटं चिठ्ठी बाहेर डोकावत होती. त्या दोन बोटांत ‘काल्पनिक उदाहरण’ ही ओळ नेमकी मावत होती.

“दादा,” त्या म्हणाल्या, “वाऱ्याला कात्री कुठून मिळाली?”

दादाने खोका बंद केला.

“चिमे, दार लाव.”

त्यांनी लावलं. त्यांना चिमे म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता.

“अध्यक्षबाई म्हणाली, धमकी मिळणाऱ्याला खरी कुठली आणि रागातली कुठली हे कळत नाही, म्हणून सूट द्यायची नाही. मला वाटलं, कागदाने काय होतं? मला पोरकट म्हणते, तर तिलाही एक मिनिट कळू दे की शब्द नुसते शब्द असतात. उदाहरण रचलं, तिच्यावरच. रचताना मजा वाटली, हेही सांगतो. ओळ कापली आणि वरचं पाकीट उचलून त्यात घातलं. कोणाचं होतं ते पाहिलंच नाही. सकाळी लगेच जाऊन सांगणार होतो, की बाई, हे उदाहरण आहे.”

“मग?”

“गेलो होतो. दार आतून लावलेलं होतं. आत ती रडत होती, चिमे. बाहेर ऐकू येत होतं.” दादाने तोंडावर हात फिरवला. “ती बरोबर होती. वर्षभर मी चुकीचं कलम लिहीत होतो. तिथेच सांगायला हवं होतं. पण पाय मागे आले. संध्याकाळी सांगू म्हटलं, तोवर तू त्याला पकडून आणलंस. काल सांगू म्हटलं, तू चहा पिताना इतकी खुशीत होतीस. जेवढा उशीर होत गेला तेवढं तोंड उघडेना.”

“तीन दिवस एक माणूस आत बसलाय, दादा. तुझ्या जागी.”

“माहीत आहे.”

कुलूपबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्याच माणसाने त्यांना शिकवलं होतं, की चूक कबूल करायला उशीर करू नये, उशिरावर व्याज चढतं. त्यांना त्याचा राग आला. रागापेक्षा स्वतःची लाज जास्त आली, कारण दारापर्यंत गेल्यावर त्यांनीही ‘चूक’ हा शब्द मनात पक्का करून टाकला होता. आणखी दोन पावलं गेल्या असत्या तर कदाचित परत आल्या नसत्या.

“तू बहीण म्हणून आलीस का ह्या कुलपांची मालकीण म्हणून?” दादाने विचारलं.

“चल,” त्या म्हणाल्या. “आधी अध्यक्षबाईंकडे, मग चौकीत. मी बरोबर येते, पण बोलायचं तू.”

अध्यक्षबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की मी तक्रार मागे घेणार नाही. दादा म्हणाला, “घेऊ नका.”

५

घड्याळवाला दुपारी सुटला. चौकीच्या दारात कुलूपबाईंनी हात जोडले. “माझी चूक झाली. माफ करा.”

त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. दाढी वाढली होती, सदरा तोच होता. “मला माहीत होतं मी काही केलेलं नाही. माफी मला कशाला? कालपासून एकही माणूस दुकानात आलेला नाही. माझ्या भावाला कामावरून सुट्टी दिलीय. बायकोशी शेजारीण बोलत नाही. तुम्ही मला गल्लीतून नेलंत ना, तर गल्लीत येऊन सांगा. आणि बाई, ज्या आवाजात नेलंत त्याच आवाजात सांगा.”

नाही कशी म्हणणार? त्या निघाल्या. वाटेत त्यांनी वाक्य जुळवलं: हा माणूस निर्दोष आहे, खरा गुन्हेगार सापडला आहे, तपास चालू आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं. दादाचं नाव उद्या वर्तमानपत्रात येणारच होतं, मग आज त्यांच्याच तोंडून कशाला?

गल्लीत माणसं जमली होती. घड्याळवाल्याची बायको दुकानाच्या पायरीवर उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग कुलूपबाईंकडे, आणि पदर सावरून बाजूला झाली.

“ऐका!” कुलूपबाई ओरडल्या. “ह्या माणसाने काहीही केलेलं नाही. मी चौकशी न करता ह्याला धरला. चूक माझी. खरा गुन्हेगार सापडलाय.”

मग समोरच्या शिंप्याने विचारलं, “मग कोण होता?”

तपास चालू आहे, हे शब्द ओठांवर आले होते. कुलूपबाईंनी घड्याळवाल्याकडे पाहिलं. नाव न सांगितलेला गुन्हेगार गल्लीला पुरणार नव्हता. चार दिवसांनी कोणीतरी म्हणणारच होतं, की वशिल्याने सुटला.

“माझा सख्खा भाऊ,” त्या म्हणाल्या. “त्याने लिहिलं. तो माझ्या घरात होता आणि मी इथे आले.”

गर्दीच्या मागच्या टोकाला एक म्हातारी कानाला हात लावून उभी होती.

“काय म्हणाली ती?” तिने विचारलं. “मला नाही ऐकू आलं.”

कुलूपबाईंनी श्वास घेतला आणि तेच पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्याने सांगितलं.